चार भोकांची पितळी पाटी

९ ऑक्टोबर

भोवऱ्या,

आधी ‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. अकरा वर्षांत एक ओळ न पाठवणाऱ्या बहिणीने एकदम प्रिय म्हणायचं म्हणजे जरा अतीच झालं असतं.

तुझं कार्ड माझ्याकडे आहे. तू गेल्यावर दोन महिन्यांनी आलं होतं ते. ‘पोचलो. विटांच्या कारखान्यात काम मिळालं. इथं समुद्र नाही. बरं आहे.’ एवढंच, आणि खाली पत्ता. ते दुकानाच्या खणात कोरण्यांच्या पेटीखाली ठेवलंय. तू अजून त्याच पत्त्यावर असशील असं धरून लिहिते आहे. नसलास तर पत्र परत येईल, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या मनाला तेच हवंय.

परवा इथे मोठं वादळ झालं. बंदरावरचे दोन दिवे पडले, बर्फाच्या कारखान्याचे पत्रे उडाले, आणि आपल्या दुकानाची पाटी उडून दोन घरं पलीकडे न्हाव्याच्या दारात जाऊन बसली. न्हावी म्हणतो, ‘ताई, आता शिक्के करायला लोक माझ्याकडे येतील. मी दाढीवाले तुमच्याकडे पाठवतो.’ पाटी अजून त्याच्याकडेच आहे. आणायला जायला जमलं नाही.

भूगोलाचे मास्तर आठवतात ना? नकाशा उलटा धरलास म्हणून तुला तासभर बाकावर उभं करणारे? ते निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली. वादळ ओसरलं की पिशवी घेऊन किनारा धुंडाळत फिरतात. बुचं, बाटल्या, तुटकी वल्ही, एकदा तर अख्खी खुर्ची घेऊन आले. सून म्हणते, समुद्राने टाकलेलं सगळं आमच्याच घरात येतं. काल ते दुकानात आले आणि पिशवीतून एक चीज काढून माझ्या टेबलावर ठेवली. ताटाएवढी चौकोनी पितळी पाटी. हिरवीगार पडलेली, एका कडेला शिंपले चिकटलेले, चार कोपऱ्यांना चार भोकं. वर काहीतरी कोरलेलं. त्रिकोण, ठिपक्यांच्या रांगा, आणि मधून वळणं घेत जाणारी एक खोल रेघ. अक्षर मात्र एकही नाही.

‘काय गं,’ मास्तर म्हणाले, ‘तू आयुष्यभर पितळ कोरलंस. हे काय असेल, सांग बघू.’

मी भिंग लावलं, पाटी इकडून बघितली, तिकडून बघितली. म्हटलं, ‘काय की मास्तर. फार जुनं दिसतंय. मला नाही कळत.’

‘नकाशा आहे हा,’ ते म्हणाले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी डोळे असे चमकत होते की बघवेना. ‘कुठला ते मी शोधणार. तू फक्त साफ करून दे.’

मी पाटी ठेवून घेतली. तुझी प्रकृती बरी असेल.

ताई


१२ ऑक्टोबर

भोवऱ्या,

आधीचं पत्र टाकलं नाही. इथेच आहे, ह्या कागदाखाली.

पत्रपेटी दुकानासमोरच आहे, पण ती उघडतो पोस्टमन. तोच, अजून तोच. पाकिटावरचं तुझं नाव आणि पत्ता त्याच्या हातात जाणार. रोज सकाळी अकराला तो दारात येतो, ‘ताई, आज तुमचं काही नाही,’ असं म्हणतो आणि पुढे जातो. कधी पाणी मागतो. मी देते. ज्या माणसाची बायको तुझ्या लाँचवरून परत आली नाही, त्याला मी अकरा वर्षं पाणी देते आहे आणि तो मला ‘थँक्यू ताई’ म्हणतो आहे. त्याच्या हातात तुझा पत्ता द्यायला माझं धाडस होत नाही.

पण कागद तर माझाच आहे. इथे तरी खोटं का लिहू?

ती पाटी मी बोट लावताक्षणी ओळखली. भिंग लावलं ते मास्तरांना दाखवायला. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक जरा तिरकं आहे, कारण भोक पाडताना गिरमिट घसरलं होतं, आणि तू म्हणाला होतास, ‘राहू दे गं ताई, स्क्रूला काय कळतंय.’ ती तुझ्या लाँचची पाटी आहे, भोवऱ्या. खाडीच्या तोंडाची.

इकडे मास्तरांनी अख्खं घर नकाशांनी भरून टाकलंय. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली, बंदर कार्यालयातून किनाऱ्याचे जुने कागद आणले. रोज संध्याकाळी येऊन सांगतात, ‘हे बंदर नाही. तेही नाही. आपल्या किनाऱ्यावर अशी खाडीच नाही गं!’ सुनेने विचारलं, खजिन्याचा नकाशा आहे का? तर हे खवळले. मग हळूच मला म्हणाले, ‘असलाच तर अर्धा तुझा.’

मी हसले. असं हसता येतं ह्याचीच लाज वाटते.

त्यांना सापडत नाही, कारण ‘फार जुनं’ हा माझा शब्द त्यांनी खरा धरलाय, आणि ते नकाशा जसा दिसतो तसा शोधताहेत. मी सांगितलं नाही.


१५ ऑक्टोबर, दुपार

आज सगळं लिहिणार आहे. दुकान बंद केलंय. दारावर ‘जेवायला गेले आहे’ असं लावलंय, आणि आत बसून लिहिते आहे. डबा तसाच आहे.

त्या वर्षी खाडीचा जुना मार्ग गाळाने भरला आणि बंदर कार्यालयाने नवा मार्ग आखला. त्याचा कागद तुला दिला. तू तो घेऊन माझ्याकडे आलास. ‘कागद भिजून लगदा होईल. पितळेवर कोरून दे, सुकाणूसमोर ठोकतो. आणि अक्षरं नकोत, हलत्या लाँचमध्ये कोण वाचतंय. खडकाला त्रिकोण, वाळूला ठिपके, आणि जायची वाट खोल कोर, बोटाला लागेल अशी.’ मी म्हटलं, दोन दिवसांत देते.

त्या आठवड्यात माझ्याकडे नगर कार्यालयाचे बावीस शिक्के होते. तुला माहीत आहे शिक्का कसा करतात. ट्रेसिंग कागदावर पेन्सिलीने काढायचं, तो कागद पालथा घालायचा आणि वरून घासायचं. पितळेवर चित्र उलटं उठतं. उलटं कोरलं की सुलटं छापतं. पाटी करायची असेल तर कागद पालथा घालायचा नाही, मागच्या बाजूने पुन्हा एकदा गिरवून सुलटाच ठेवून घासायचा, म्हणजे सुलटं उठतं. हे आपल्या बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. बावीस शिक्के पालथे घातले होते, तेविसावा कागद तुझा होता. हात आपला आपण चालला. अक्षरं असती तर पहिल्याच अक्षराला खटकलं असतं. अक्षरं नव्हती. त्रिकोण तो उलटा काय आणि सुलटा काय.

तुझी अख्खी खाडी मी उलटी कोरली. जिथे डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे.

तीन दिवस लख्ख ऊन होतं. तू पाण्यातल्या खुणा बघत लाँच नेलीस, पाटीकडे बघितलंही नसशील. चौथ्या दिवशी सकाळी धुकं पडलं. एकोणीस माणसं होती. दुसऱ्या खडकापाशी तू बोटाने रेघ चाचपलीस आणि उजवीकडे वळलास. अठरा जणांना काढलं. एकोणिसावी दवाखान्यातली नर्स, म्हणजे पोस्टमनची बायको, ती नाही मिळाली दुपारपर्यंत; मिळाली तेव्हा जिवंत नव्हती.

तू इस्पितळात, खांद्याला प्लास्टर, ओठ फुटलेले. मला म्हणालास, ‘ताई, पाटीवर उजवीकडेच होतं गं.’ मी तशीच उठले. दुकानात येऊन ट्रेसिंग कागद काढला. पेन्सिल एकाच बाजूला होती. मागची बाजू कोरी.

मी तो कागद चहाच्या स्टोव्हवर धरला.

मग ओहोटीला लाँच खडकावर कलंडून उघडी पडली, तेव्हा तुझ्या वस्तू आणायच्या म्हणून मी पाणबुड्यांबरोबर गेले. तुझा थर्मास आणला, चष्मा आणला, जाकीट आणलं. आणि पाटी काढली. चारही स्क्रू. स्क्रू-ड्रायव्हर कुठून आला, कुणी विचारलं नाही. पर्समध्ये होता, मी घरूनच घेऊन गेले होते. आयत्या वेळी भीतीने केलं असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून बघितलंय, पण पर्समधला स्क्रू-ड्रायव्हर आडवा येतो. परतताना धक्क्याच्या टोकावरून पाटी पाण्यात सोडली. फार आवाज झाला नाही.

चौकशीला तू म्हणालास, पाटीवर तसं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडचा कागद दाखवला, त्यावर डावीकडे. पाटी कुठे आहे? पाटी नाही. मग मला उभं केलं. ‘कागदावर होतं तसंच कोरलंत का?’

मी म्हणाले, ‘हो. रेघ न् रेघ.’

आणि ते खोटं नव्हतं ना रे! रेघ न् रेघ तीच होती, एकही कमी-जास्त नाही. ह्या एका वाक्याच्या आधारावर मी अकरा वर्षं जेवले, झोपले, दुकान चालवलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी पंख्याकडे बघत होते. मागून कुणीतरी ‘खोटारडा’ म्हणालं, तेव्हाही मी पंख्याकडेच बघत होते.

तुझा परवाना गेला. जायच्या आदल्या दिवशी तू ह्याच स्टुलावर बसला होतास. म्हणालास, ‘मीच उलटं वाचलं असेन ताई. धुक्यात डोकं फिरलं असेल. तू बरोबरच कोरलं असशील, तुझा हात मला माहीत आहे.’ तुला तेव्हा संशय आला असता, तू ओरडला असतास, तर मी बोलले असते असं वाटतं. तू विश्वास ठेवलास. मी तुला डबा करून दिला आणि स्टँडवर पोचवायला आले.


१६ ऑक्टोबर

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, गाळली.

मंगळवारी पाटी साफ करायला घेतली. व्हिनेगर, मीठ, मऊ ब्रश. हिरवं निघालं, रेघा वर आल्या. माझा तेव्हाचा हात किती चांगला होता! तिरका त्रिकोण, खाली एक बारीक सावली. दोन मिनिटं मी नुसती कौतुकाने बघत बसले. आणि मग मी कोरणी उचलली आणि वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावरून एक आडवी रेघ ओढली. म्हटलं, आणखी चार ओढल्या की कुणाला काही कळणार नाही. समुद्राने खरवडलं म्हणता येईल.

एकच ओढली. पुढे हात उचलला नाही. चांगुलपणाने नव्हे, घाबरून. नवी रेघ पिवळीधमक दिसत होती, बाकीच्या काळपट. पकडलेल्या चोरासारखी.

आज मास्तर आले ते वेगळाच विचार घेऊन. ‘ए, असं करू. ह्याच्यावर शाई लावून कागदावर छाप काढू. नकाशा हाताशी राहील. मूळ पाटी संग्रहालयातल्या बाईंना देऊ, त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत.’

माझी पाचावर धारण बसली. छाप काढली की उलट्याचं सुलटं होतं. आणि मास्तर आयुष्यभर आपली खाडी फळ्यावर काढत आलेत.

म्हणाले, ‘शाई आहे ना?’

मी म्हणाले, ‘संपली.’

शिक्क्याच्या दुकानात शाई संपली! माझ्या मागे फळीवर सात बाटल्या ओळीने होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘बरं,’ म्हणाले. ‘उद्या येतो. तोवर आण.’


१७ ऑक्टोबर

छाप काढली.

मीच काढली. मास्तर यायच्या आधी कागद ओला करून ठेवला, शाई घोटून ठेवली. ते आल्यावर पाटी पुढ्यात ओढली. रेघांत शाई भरली, वरची पुसली, कागद घातला, दाबाचं चाक फिरवलं. मास्तर लहान मुलासारखे उभे. कागदाचं टोक धरून मी तो उचलला आणि टेबलावर उताणा ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. त्यांचं बोट नकाशावरून निघालं. पहिला खडक, वाळूचा दांडा, दुसरा खडक. तिथे बोट थांबलं.

‘ही आपली खाडी आहे,’ ते म्हणाले. ‘नवा मार्ग.’

‘हो.’

मग त्यांनी पाटी उचलली. पाटी बघितली, कागद बघितला, परत पाटी बघितली. चारही भोकांवरून अंगठा फिरवला. आपल्या मास्तरांना समजायला वेळ लागत नाही, तुला माहीत आहे.

‘हे कुणी कोरलं असं विचारू का तुला?’

‘मी कोरलं, मास्तर. उलटं कोरलं. तो बरोबर वाचत होता. पाटी काढून पाण्यात टाकली तीही मीच.’

ते स्टुलावर बसले. तुझ्याच. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता बोलतील मला, बाकावर उभं करतील, काहीतरी करतील. बरं वाटलं असतं.

‘चौकशीच्या वेळी मागून जो खोटारडा म्हणाला, तो मी होतो,’ ते म्हणाले. ‘माझा विद्यार्थी. आणि तू समोर बसली होतीस गं. तू समोर बसली होतीस.’

जाताना त्यांनी पाटी नेली नाही. खजिन्याबद्दलही काही बोलले नाहीत. दारात थांबून एवढंच म्हणाले, ‘त्याला आधी सांग. मग बाकीच्यांना. आणि पोस्टमनला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस.’


१८ ऑक्टोबर, सकाळ

बंदर कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. अधिकारी नवा आहे, पोरगेलासा. म्हणाला, ‘बाई, फाइल बंद झाली आहे. आता कशाला?’ मी म्हटलं, ‘उघडा.’ त्याने दोनदा वाचलं आणि मग खुर्ची दिली. दिली नसती तरी चाललं असतं. तुझा परवाना परत देण्याचं पत्र ते काढतील की नाही ठाऊक नाही, पण ‘चालकाची चूक’ असं जे लिहिलंय ते खोडायला लावल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. रोज जाऊन बसेन.

बातमी बाजारात पोचलीच आहे. नगर कार्यालयातून निरोप आला, नवे शिक्के आता दुसरीकडून करून घेतील. न्हाव्याने दुकानाची उडालेली पाटी आणून दारात ठेवली. ह्या वेळी काही विनोद केला नाही. हे सगळं मी तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही. तुला ह्याच्या दसपट झालं, आणि तू काही केलं नव्हतंस.

ही सगळी पत्रं आणि छाप एकाच पाकिटात घालते. पेटीत टाकणार नाही. पोस्टात जाऊन पोस्टमनच्याच हातात देणार, बातमी त्याच्या कानावर जायच्या आत.


तोच दिवस, पोस्ट ऑफिस

उभ्याउभ्या लिहिते आहे, अक्षर लागणार नाही.

टपाल लावायच्या खोलीत गेले. तो गठ्ठे बांधत होता. मी पाटी त्याच्यासमोर ठेवली, छाप शेजारी ठेवली, आणि सांगितलं. सगळं. स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा. माफी मागितली नाही, कारण मागितली की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

तो छापेकडे बघत राहिला. विचारलं, ‘कुठे?’ मी दुसरा खडक दाखवला. त्याने तिथे हात ठेवला. बोट नाही, अख्खा हात. मग दोरी घेऊन उरलेले दोन गठ्ठे बांधून पूर्ण केले. मी उभी होते.

म्हणाला, ‘मी त्याला रोज शिव्या दिल्या ताई. रोज. सायकल चालवताना. ती काय म्हणत असेल मला.’ मग म्हणाला, ‘तुमच्या घरचं पाणी प्यायलो मी.’

ह्यापुढे तो पिणार नाही. मला ते मान्य आहे.

मी पाकीट पुढे केलं. त्याने पत्ता वाचला, दोनदा वाचला. ‘हा पत्ता तुमच्याकडे होता?’ मी मान हलवली. तो म्हणाला, ‘बंद करू नका अजून. त्यात एक ओळ माझी लिहा. लिहा की, लाँचवाल्याला म्हणावं, माझा तुझ्यावर राग नाही. होता. चुकीच्या माणसावर होता.’

लिहिली. त्याच्याच शब्दांत.

आता तो ‘तातडीचे’ हा शिक्का शोधतोय. तो शिक्काही मीच कोरलेला आहे, त्या बाविसांच्या आधीचा. म्हणतोय, लवकर आटपा, साडेबाराची गाडी गाठायची आहे.

भोवऱ्या, आतली छाप दिव्याखाली धरून बघ. वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ दिसेल, ती मागच्या मंगळवारची, माझी. बाकी सगळी तुझी खाडी आहे. दुसऱ्या खडकापाशी बोट ठेव आणि मग तोच कागद उलटा करून मागून बघ. तुझ्यासमोर जे होतं ते हे.

मी ये म्हणणार नाही. तिथे समुद्र नाही, बरं आहे, असं तू लिहिलं होतंस. पण ह्यापुढे एक दिवससुद्धा असं समजू नकोस की धुक्यात तुझं डोकं फिरलं होतं. तू नीट वाचलं होतंस.